नव्या यंत्रांना जुन्या नोंदींचा आधार

शेतीचे अवजार बदलले की त्याचे गुणदोष त्याच हंगामात दिसून येतात. लाकडी नांगराच्या जागी लोखंडी नांगर आला, तर तास किती खोल गेले हे शेतकऱ्यास त्याच दिवशी कळते. मोजमापाच्या साधनांचे तसे नाही. पर्जन्यमापक बदलला, शिवाराचा नकाशा नव्याने काढला, किंवा वहीतील नोंद यंत्राकडे सोपविली, तर त्या बदलात काही चूक शिरली आहे की काय, हे कळावयास कित्येक वर्षे लागतात. ते कळते तेव्हा चूक दुरुस्त करण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

निसर्गाचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या केंद्रांतून आज नकाशे, नोंदी आणि संदेशवहन या तिन्ही बाबतींत मोठी सुधारणा होत आहे. तीच साधने आता खेडोपाडीही येऊ लागली आहेत. या सुधारणेचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तिची किंमत यंत्रे किती नवी आहेत यावरून ठरवावयाची नसून, जुनी नोंद आणि नवी नोंद एकाच धाग्यात ओवता येते की नाही यावरून ठरवावयाची आहे. ही गोष्ट ज्या केंद्राने चांगल्या प्रकारे दाखवून दिली, त्याचा परिचय गावपातळीवर काम करणाऱ्यांना उपयुक्त ठरेल.

हबर्ड ब्रुक येथील कार्य

अमेरिकेच्या ईशान्येस न्यू हॅम्पशायर राज्यातील डोंगराळ प्रदेशात हबर्ड ब्रुक नावाचे प्रायोगिक अरण्य आहे. तेथील वनखात्याने १९५५ साली ते पाण्याच्या अभ्यासासाठी राखून ठेवले. या अरण्यात लहान लहान पाणलोट क्षेत्रे असून त्यांच्या तळाशी पाणी सहसा झिरपू न देणारा कठीण खडक आहे. त्यामुळे पाऊस व बर्फ यांच्या रूपाने जे पाणी पडते, ते एक तर ओढ्यातून बाहेर जाते किंवा झाडांवाटे व जमिनीवरून वाफ होऊन उडते. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी त्रिकोणी खाचेचा बांध घालून पाणी मोजण्याची व्यवस्था करण्यात आली. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची कळली की प्रवाह किती आहे हे गणिताने काढता येते.

बोरमन, लायकन्स, जॉन्सन आणि पिअर्स या शास्त्रज्ञांनी १९६३ साली या पाण्याचे रासायनिक परीक्षण सुरू केले. त्यांची कल्पना साधी होती. पाणलोटात येणारे पाणी आणि त्यातून बाहेर जाणारे पाणी या दोहोंचे पृथक्करण केले, तर अरण्याचा जमाखर्च मांडता येईल. दर आठवड्यास नमुने गोळा करण्याची शिस्त तेव्हापासून पडली आणि ती आजतागायत पाळली जात आहे.

या साध्या शिस्तीतून निघालेले निष्कर्ष मात्र साधे नव्हते. १९६५ सालच्या अखेरीस एका पाणलोटातील सर्व झाडे तोडून तेथेच पडू दिली, आणि पुढील तीन वर्षे तणनाशक मारून नवी वाढ होऊ दिली नाही. पहिल्याच वर्षी ओढ्याचा प्रवाह सुमारे ४० टक्क्यांनी वाढला आणि पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण अनेक पटींनी चढले. जमिनीतील नत्र पाण्याबरोबर वाहून जात होते. शेजारच्या, न तोडलेल्या पाणलोटाच्या नोंदी हाताशी होत्या म्हणूनच हा फरक झाडतोडीमुळे झाला, पावसामुळे नव्हे, असे ठामपणे सांगता आले.

दुसरा निष्कर्ष याहून दूरगामी ठरला. कारखान्यांपासून दूर असलेल्या या अरण्यात पडणारा पाऊस स्वाभाविक पावसाच्या मानाने फार आम्लधर्मी होता. त्याचा सामू ४ च्या आसपास असे. कोळसा व तेल जाळून निघणारा धूर वाऱ्याबरोबर शेकडो मैल येऊन पावसात मिसळत होता. अशा नोंदींचा आधार १९९० साली अमेरिकेत झालेल्या हवाशुद्धीच्या कायद्यातील दुरुस्तीस मिळाला. त्यानंतर पावसाची आम्लता पुष्कळ उतरली. परंतु दीर्घकाळच्या आम्ल पावसाने जमिनीतील चुन्याचा अंश धुऊन गेला होता. तो भरून काढल्यास काय होते, हे पाहण्यासाठी १९९९ साली एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमयुक्त खनिज पसरण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पावसाची आम्लता खरोखर कमी होत आहे काय, या प्रश्नाचे उत्तर चार-दोन वर्षांच्या आकड्यांतून मिळणे शक्य नव्हते. वर्षावर्षांतील चढउतार एवढे असतात की मधलाच एखादा तुकडा उचलला तर आम्लता वाढत आहे असे दिसावे, आणि दुसरा उचलला तर ती घटत आहे असे दिसावे. दीड दशकाहून अधिक काळाच्या सलग नोंदींनंतरच खरी दिशा स्पष्ट झाली. त्या काळात मोजण्याची पद्धत न सांगता बदलली असती, तर दिसलेला बदल पावसाचा की बाटलीचा, हा वाद कधीच मिटला नसता.

नकाशा सुधारला म्हणजे काय होते

पूर्वी पाणलोटाची हद्द जमिनीवर फिरून व समोच्च रेषांच्या नकाशावरून ठरवीत. आता विमानातून लेसर किरण जमिनीवर सोडून व ते परत येण्यास लागणारा वेळ मोजून उंचसखलपणाचा अत्यंत बारीक नकाशा तयार करता येतो. या पद्धतीस लायडार असे नाव आहे. दाट झाडीखालची जमीनसुद्धा तीत उमटते. हबर्ड ब्रुक येथे अशा नकाशांच्या साहाय्याने उताराप्रमाणे मातीचे प्रकार कसे बदलतात याचाही अभ्यास झाला आहे.

हा लाभ मोठा आहे; परंतु नकाशा बदलला की पाण्याचा हिशेबही बदलतो. तेथील तुलनेसाठी राखलेल्या एका पाणलोटाचे क्षेत्र १३.२ हेक्टर मानले जाते. वर्षाकाठी १,४०० मिलिमीटर पाणी पडले व ९०० मिलिमीटर ओढ्यातून वाहून गेले, तर बाकीचे ५०० मिलिमीटर वाफ होऊन गेले असे धरावयाचे. आता समजा, नव्या नकाशात हद्द थोडी सरकून क्षेत्र ५ टक्क्यांनी वाढले. बांधावरून गेलेले पाणी तेच. पण ते अधिक क्षेत्रावर विभागले गेल्यामुळे त्याची खोली ९०० ऐवजी ८५७ मिलिमीटर भरते, आणि वाफेचा आकडा ५०० वरून ५४३ वर जातो. झाडांनी एक थेंबही अधिक प्यालेला नसताना त्यांची तहान जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढल्याचे दिसते.

म्हणून नवा नकाशा आला की जुना जाळावयाचा नसतो. जुन्या वर्षांचे सर्व हिशेब नव्या क्षेत्रफळाने पुन्हा मांडावे लागतात, आणि कोणता आकडा कोणत्या नकाशावरून काढला हे त्या आकड्याशेजारी लिहून ठेवावे लागते. एवढे केले तरच सुधारणा ही सुधारणा ठरते.

यंत्र बदलल्याने पडणारा फरक

यंत्राच्या बाबतीत याहून बोलका दाखला अमेरिकेच्या हवामान नोंदींत आढळतो. १९८० नंतरच्या दशकात तेथील हजारो केंद्रांवर लाकडी पेटीतील काचेचे तापमापक काढून त्यांच्या जागी विजेवर चालणारे तापमापक बसविण्यात आले. पुढे आकडे ताडून पाहता असे दिसले की, नव्या साधनात दिवसाचे कमाल तापमान सरासरीने सुमारे ०.४ अंश सेल्सियसने कमी आणि किमान तापमान सुमारे ०.३ अंशाने अधिक येत होते. हवा बदललेली नव्हती. साधन व त्याचे आवरण बदलले होते. फरक लहान वाटतो. परंतु ज्या अभ्यासात दशकाकाठी अंशाच्या दशांशांचाच प्रश्न असतो, तेथे तो सर्व निष्कर्ष उलटविण्यास पुरेसा आहे. शास्त्रज्ञांना हा फरक शोधून काढून जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ घालावा लागला.

पर्जन्यमापकाचेही तसेच आहे. साध्या मापकात पाणी साठते व ते मापाने मोजले जाते. स्वयंचलित मापकात एक लहानशी दुपाखी वाटी असते. तिची एक बाजू भरली की ती कलते, आणि किती वेळा कलली यावरून पाऊस मोजला जातो. मुसळधार पावसात वाटी कलत असतानाच पाणी वर पडत राहते, त्यामुळे नोंद कमी भरते. नरसाळ्यात पाला अडकला किंवा कोळ्याने जाळे विणले, तर पाऊस पडूनही यंत्र कोरडा दिवस दाखविते. यंत्र खोटे बोलत नाही. ते आपल्या वाटीत आले तेवढेच सांगते.

यावर उपाय एकच आहे. जुने व नवे साधन काही काळ शेजारी शेजारी ठेवावे. हा काळ निदान एक पूर्ण वर्षाचा, आणि शक्य तर अधिक असावा. कारण जूनचा वळवाचा पाऊस, श्रावणाची झड आणि हस्ताचा पाऊस या तिहींत दोन्ही साधने सारखाच फरक दाखवितील असे नाही.

संदेशवहन आणि साठवण

पूर्वी हबर्ड ब्रुकच्या बांधांवर कागदाच्या गुंडाळीवर लेखणीने रेषा उमटे, आणि कर्मचारी ती गुंडाळी आणून तीवरील उंची वाचून आकडे मांडीत. आता पाण्याची उंची, मातीतील ओल, हवेचे तापमान अशा गोष्टी संवेदकांनी मोजून बिनतारी संदेशाने कचेरीत पोहोचविता येतात. बिघाड आठवड्याने नव्हे तर त्याच दिवशी कळतो. तेथील माहिती, ती कशी गोळा केली याच्या तपशिलासह, सार्वजनिक संग्रहात ठेवली जाते व कोणाही अभ्यासकास पाहता येते. हा लाभ कागदाच्या गुंडाळीने कधीही दिला नसता.

तरीही जाळे तुटू शकते. हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हवेतील कर्बवायूचे मोजमाप चालू आहे. जगात या नोंदीचे मोल फार मानले जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि लाव्हारसाने वेधशाळेचा रस्ता व वीज दोन्ही तोडली. शास्त्रज्ञांनी शेजारच्या मौना केआ पर्वतावर तात्पुरती व्यवस्था करून मोजमाप पुढे चालविले. दुसरी जागा व दुसरे साधन यांचा विचार करता आला, म्हणूनच धागा फार काळ तुटला नाही.

यावरून दोन नियम निघतात. पहिला असा की, माहिती पाठविणारे यंत्र ती आपल्यापाशीही साठवून ठेवणारे असावे. म्हणजे संदेश पोहोचला नाही तरी नोंद नष्ट होत नाही. दुसरा असा की, संगणकातील आकड्याबरोबर त्याचा इतिहास गेला पाहिजे. यंत्र कोणत्या दिवशी बसविले, कधी दुरुस्त केले, कोणत्या काळात ते बंद होते, याची माहिती नसलेला आकडा हा सातबाऱ्यावाचूनच्या जमिनीसारखा असतो. जमीन डोळ्यांना दिसते. पण वाद उभा राहिला की हाती काही उरत नाही.

खर्चाचा आक्षेप

दोन्ही साधने चालविणे म्हणजे दुहेरी खर्च नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. शिवाय जुन्या नोंदी तरी कोठे निर्दोष होत्या? पाऊस मोजणारा माणूस रजेवर गेला की दोन दिवसांचा पाऊस एकाच दिवशी लिहिला जाई, किंवा अंदाजाने आकडा भरला जाई. यंत्र आळस करीत नाही व कोणाची भीडही धरीत नाही.

या आक्षेपात तथ्य आहे. माणसाच्या हातून चुका होतात, आणि रात्री बाराला पडलेला पाऊस तासाच्या हिशेबाने नोंदविणे यंत्रासच साधते. परंतु माणसाची चूक व यंत्राची चूक या एका जातीच्या नसतात. माणूस एखाद्या दिवशी चुकतो. यंत्र चुकू लागले की कोणी पाहीपर्यंत रोज चुकते. म्हणूनच दोहोंनी एकमेकांवर लक्ष ठेवणे हिताचे आहे. हबर्ड ब्रुक येथे संवेदक आले म्हणून आठवड्याची फेरी थांबली नाही. फेरीवर जाणारा माणूस बांधाच्या खाचेत अडकलेली फांदी काढतो, अस्वलाने पाडलेला खांब पाहतो, आणि ज्याची मोजणी कोणी मागितलेली नाही अशा गोष्टींकडेही त्याचे लक्ष जाते.

खर्चाचे म्हणाल, तर नव्या योजनेच्या अंदाजपत्रकात यंत्रांच्या किमतीबरोबर तुलनेच्या काळाचा, देखभालीचा व माणसांच्या शिक्षणाचा खर्च आरंभीच धरला पाहिजे. हा भाग काटकसर म्हणून वगळणे म्हणजे विहीर खणून कठडा न बांधण्यासारखे आहे.

गावातील प्रश्न

हा विचार दूरच्या अरण्यापुरता राहिलेला नाही. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांतून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई अशा केंद्रांच्या आकड्यांवर ठरते. २०२३ साली केंद्र शासनाने विंड्स ही योजना पुढे आणली. तालुक्यास हवामान केंद्र व ग्रामपंचायतीस स्वयंचलित पर्जन्यमापक, असे तिचे स्वरूप आहे. हिवरे बाजारसारख्या गावाने पाऊस मोजून त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची व पिके ठरविण्याची प्रथा पाडली आहे. म्हणजे पर्जन्यमापकातील आकडा हा आता केवळ कचेरीतील कागद नाही. द्राक्ष, डाळिंब व संत्रा बागायतदारांच्या घरचा तो जमाखर्च आहे.

एका मिलिमीटरचे मोलही समजून घेतले पाहिजे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी. ५०० हेक्टर शिवाराच्या गावात मोजमापात १० मिलिमीटरची चूक झाली, तर ताळेबंदात ५ कोटी लिटरांची चूक होते. म्हणजे १०,००० लिटरचे ५,००० टँकर. एवढे पाणी आहे असे धरून उन्हाळी पीक घेतले आणि ते नसले, तर त्याची भरपाई कोणताही नकाशा करू शकत नाही.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष पुरविणे इष्ट आहे. गावात स्वयंचलित मापक आला तरी जुना साधा पर्जन्यमापक मोडीत काढू नये. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजून वहीत लिहावे, आणि पाऊस नसेल तेव्हा शून्य लिहावे. मोकळी जागा व शून्य यांचा अर्थ एक नव्हे. मोजणी चुकली असेल तर तसे स्पष्ट लिहावे, अंदाजाने आकडा भरू नये. मापक उघड्यावर असावा. जवळचे झाड किंवा इमारत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असणे अवश्य आहे. नव्या केंद्राशेजारी झाड वाढले, भिंत उठली किंवा केंद्राची जागा हलविली, तर तारखेसह नोंद करावी.

मापक बरोबर चालतो की नाही याची परीक्षाही सोपी आहे. ज्याच्या तोंडाचे क्षेत्र २०० चौरस सेंटिमीटर आहे अशा मापकात २०० मिलिलिटर पाणी सावकाश ओतले, तर १० मिलिमीटर पाऊस दिसला पाहिजे. ही परीक्षा मात्र गावकऱ्यांनी आपल्या मनाने करू नये. विम्याचा आधार असलेल्या यंत्रात कोणीही पाणी ओतू लागले तर त्या यंत्रावरील सर्वांचाच विश्वास उडेल. देखभाल करणाऱ्या यंत्रणेनेच ती पावसाळ्यापूर्वी, ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधींसमक्ष करावी, व परीक्षेचे पाणी पावसात धरले जाणार नाही अशी नोंद ठेवावी. अशी परीक्षा मागणे हा गावाचा हक्क मानला गेला पाहिजे.

पाणलोटाच्या नकाशाविषयीही हेच म्हणता येईल. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढलेला नकाशा गावात आला की तो भिंतीवर लावून थांबू नये. जाणत्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन शिवारफेरी काढावी, आणि कोणत्या बांधाने पाणी वळविले, कोणता ओहोळ रस्त्यामुळे दुसऱ्या नाल्यास मिळाला, हे नकाशावर नोंदवावे. आकाशातून उतार दिसतो. रस्त्याखालची मोरी कोणत्या शेतात पाणी सोडते हे त्या शेताच्या मालकास ठाऊक असते.

यंत्रांची माहिती गावास खुली असणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आपल्या मंडळातील केंद्राने काल किती पाऊस नोंदविला, हे शेतकऱ्यास विमा नाकारला गेल्यानंतर नव्हे, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच कळले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वहीतील आकडा व यंत्राचा आकडा शेजारी शेजारी लिहिले, तर तफावत वेळीच उघडकीस येईल. अशी तफावत दिसली की ती तक्रार म्हणून दडपली जाऊ नये. उलट यंत्रणेच्या कामास ती मदतच होय.

हबर्ड ब्रुकच्या शास्त्रज्ञांनी १९६३ साली पहिला नमुना घेतला, तेव्हा त्यातून कोणता कायदा सुधारेल हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी फक्त एकाच रीतीने, न चुकता मोजण्याचा व रीत बदलली तर तसे लिहून ठेवण्याचा परिपाठ पाळला. गावातील पावसाच्या वहीस तोच परिपाठ लागू आहे. यंत्रे दहा-पंधरा वर्षांत जुनी होतील व त्यांच्या जागी आणखी नवी येतील. दोन यंत्रांमधील पूल बांधण्याचे काम मात्र वही लिहिणाऱ्या माणसाचेच राहील. येत्या पावसाळ्यापूर्वी ज्या गावात साधा पर्जन्यमापक अडगळीत पडला असेल, तेथे तो बाहेर काढून स्वच्छ करावा आणि उघड्या जागी बसवावा. त्यास खर्च फारच थोडा लागेल.